आबांचं डिस्चार्ज बुक पावसात गेलं, मिलिटरीचं जुनं रेकॉर्ड कुठून काढायचं?

मंगरूळचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातून लिहितोय. माझे आजोबा, आम्ही आबा म्हणायचो, मिलिटरीत होते. चीनच्या लढाईनंतर मोठी भरती झाली त्यात गेले आणि ७१ च्या लढाईच्या आधी घरी आले, पेन्शन नव्हती. आबा वारले त्याला बरीच वर्षं झाली, आता आजी आहे, आधारवर वय ७८.

गेल्या पावसाळ्यात जुन्या घराची मागची भिंत बसली आणि आबांची टिनाची पेटी रात्रभर माती-पाण्यात राहिली. डिस्चार्ज बुकाचा, म्हणजे फौजेतून घरी येताना मिळालेल्या नोकरीच्या पुस्तकाचा, पार लगदा झालाय, पानं एकमेकाला चिकटली, शाई पसरली, नंबर दिसत नाही की रेजिमेंटचं नाव दिसत नाही. आणि घरात कोणालाच आबांचा नंबर माहीत नाही. आजीला एवढंच आठवते की "पयले सागरले होते अन मंग पहाडात होते".

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो तर त्यांनी नीट सांगितलं की ६५ च्या वरच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्राकडून महिन्याला मदत असते, पेन्युरी ग्रँट म्हणतात, आधी ४००० होती ती नोव्हेंबर २०२५ पासून ८००० झाली. हवालदार रँकपर्यंत मिळते, आबा शिपाईच होते. पण सर्व्हिसचा पुरावा पाहिजे आणि आमच्याकडे लगदा आहे. तालुक्याला एक माणूस भेटला तो म्हणतो दिल्लीतून रेकॉर्ड काढून देतो, २५ हजार लागतील, अर्धे आधी. आजी म्हणते बकऱ्या विकून देऊ. मला पटत नाहीये पण दुसरा रस्ता माहीत नाही. कोणी हे केलं असेल तर सांगा.

शेतकरी_पुसद
त्या मानसाले एक रुपया बी देऊ नका भाऊ. आमच्या गावात एका म्हातारीचे असेच पैसे नेले अन फोन बंद. बकऱ्या राहू द्या आजीच्या. हे काम फुकटात होते, टपालाचा खर्च अन झेरॉक्सचा खर्च, बस. फक्त दम धरा लागते.

निवृत्त_क्लार्क_चिखली
जय हिंद. मी फौजेत क्लार्क होतो, रेकॉर्ड ऑफिसात बरीच वर्षं काढली, आता चिखलीकडे शेती बघतो. वरच्या भाऊंनी सांगितलं ते खरं आहे, पैसे देऊ नका. जवानांचं रेकॉर्ड दिल्लीत एका जागी नसतंच, ज्याच्या त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं, त्यामुळे "दिल्लीतून काढून देतो" म्हणणाऱ्याला काहीच माहीत नाही हे तिथंच कळतं.

आता नीट समजून घ्या. डिस्चार्ज बुक ही जवानाकडची प्रत. रेकॉर्ड ऑफिसला त्याचा शीट रोल असतो, त्यात भरतीपासून घरी येईपर्यंतचं सगळं, पलटण, बदल्या, कोर्स, लग्न, पोरंबाळं. आणि त्याशिवाय एक लाँग रोल असतो, त्यात प्रत्येकाची थोडक्यात नोंद, नंबर, नाव, भरतीची तारीख, कधी आणि कशामुळे गेला. पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. हा सैन्याचा लेखी नियम आहे, त्यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. पण लाँग रोल कायम ठेवतात. म्हणजे तुमच्या आबांचा शीट रोल बहुतेक नव्वदच्या दशकातच गेला असेल, पण लाँग रोलमधली नोंद असणार. तुम्हाला तेवढीच पाहिजे.

सागर म्हणताय तर महार रेजिमेंट असण्याची शक्यता जास्त, तिचं सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस दोन्ही मध्य प्रदेशातल्या सागरला. पण अंदाजावर पत्र टाकू नका. नंबर शोधा. नंबर सापडला की अर्धं काम झालं, कारण नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून रेजिमेंट कळते आणि लाँग रोल नंबरावरच चालतो. एकाच नावाची किती माणसं असतात हे मी तिथं बसून पाहिलंय.

घरात हे शोधा. आबांनी पाठवलेल्या मनीऑर्डरचं कुपन, बायका ते देवाच्या डब्यात नाहीतर पोथीत ठेवत. जुनी आंतरदेशीय पत्रं, पाठवणाऱ्याच्या जागी नंबर, नाव, पलटण आणि खाली ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल, असं लिहिलेलं असतं. ग्रुप फोटो, त्याच्या खाली पलटणीचं नाव छापलेलं असते. आणि मेडल. मेडल आहे का घरी?

मंगरूळचा_पोट्टा
काका तुमचे खूप उपकार. मेडल एक आहे! देवघरात आहे, रिबीन उंदरानं खाल्ली पण मेडल आहे. त्यावर रक्षा मेडल १९६५ असं आहे. नंबर काही दिसत नाही.

निवृत्त_क्लार्क_चिखली
समोरून नाही, कडेवर बघा. गोल मेडलची जी जाड कड असते तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरात ठोकलेलं असतं, आधी नंबर, मग रँक, मग नाव, शेवटी रेजिमेंट. देवघरात इतकी वर्षं तेल-कुंकू लागून बुजलं असेल.

चिंचेनं घासू नका हां, राखेनं पण नको, अक्षरं उथळ असतात ती झिजतात. कोमट पाण्यात थोडा साबण टाकून मऊ ब्रशनं हळूहळू धुवा आणि पुसा. मग पातळ कागद कडेवर गुंडाळून घट्ट धरा आणि वरून पेन्सिलीचं शिसं आडवं धरून हलक्या हातानं फिरवा. अक्षरं कागदावर उमटतात. उमटलं की फोटो काढून ठेवा, पण पूर्ण नंबर इथं टाकू नका, चारचौघात टाकायची गोष्ट नाही ती.

जुन्या_वह्या
एक भर घालते. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलला चालत नाही. माझे पणजोबा त्या लढाईत होते, मेडल दोन आहेत पण कडा कोऱ्या, कारण त्या वेळची मेडलं नाव न घालताच दिली गेली. ज्यांच्याकडे तशी मेडलं आहेत त्यांनी कडा घासत बसू नये.

आणि भिजलेल्या बुकाबद्दल. मी जुनी कागदपत्रं सांभाळायचं काम करते म्हणून सांगते, ते फेकू नका आणि उन्हातही ठेवू नका, इस्त्री तर अजिबात नको. सावलीत पंख्याखाली ठेवा, जी पानं आपणहून सुटतील तीच सोडवा, मधे साधा पांढरा कागद घाला, वर्तमानपत्र नको कारण त्याची शाई उतरते. पूर्ण सुकल्यावर रात्री दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च पानाच्या अगदी बाजूनं आडवा मारा. शाई गेली तरी टाकानं कागद दबलेला असतो, त्याची सावली पडते आणि आकडे वाचता येतात. मी असं एक पान वाचलंय ज्यावर सरळ उजेडात काहीच नव्हतं.

मंगरूळचा_पोट्टा
निघाला!!! कागदावर पेन्सिल फिरवली आणि नंबर उमटला. एक आकडा ३ की ८ ते कळत नव्हतं, मग ताईंनी सांगितलं तसं बुकाच्या एका पानावर टॉर्च आडवा मारला तर तोच नंबर अर्धवट दिसला आणि त्यात तो आकडा स्पष्ट ३ आहे. रेजिमेंट महारच. आजीला दाखवलं तर तिनं कागद हातात घेऊन बराच वेळ सोडलाच नाही. लिहिता-वाचता येत नाही तिला पण आबांचं नाव कुठून कुठपर्यंत आहे ते बोट फिरवून विचारत होती.

आता काका पत्र कसं लिहायचं?

निवृत्त_क्लार्क_चिखली
शाबास. आता घाई न करता कागद जमवा.

पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, आजीच्या नावानं, सही किंवा अंगठा आजीचा. तुम्ही नातू म्हणून लिहिलं तर "माहिती फक्त हक्काच्या वारसाला" असं उत्तर येऊ शकतं. पत्रात नंबर, रँक, आबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, भरती आणि घरी आल्याचं अंदाजे वर्ष, मृत्यूची तारीख, आणि कशासाठी पाहिजे ते. सोबत आजीचं आधार, आबांचा मृत्यू दाखला, डिस्चार्ज बुक खराब झाल्याचं प्रतिज्ञापत्र. हरवलं असतं तर पोलीस स्टेशनची हरवल्याची नोंदही लागली असती. तुमचं तर घर पडलंय, तेव्हा तलाठ्यानं पंचनामा केला असेल ना? त्याची नक्कल लावा, त्याच्यासारखा पुरावा नाही. लगदा झालेल्या बुकाचे फोटोही लावा. आणि हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, त्यांच्या कव्हरिंग लेटरनं गेलेलं पत्र रेकॉर्ड ऑफिसात वेगळ्या वजनाचं असतं. एक कॉपी स्वतः स्पीड पोस्टानं टाका आणि पावती जपून ठेवा.

आता विदर्भातल्या लोकांसाठी खास. त्या काळी फौजेत बऱ्याच जवानांचं आडनावच लिहिलेलं नाही, फक्त स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. तेव्हा आधारवरचं पूर्ण नाव आणि रेकॉर्डवरचं नाव जुळलं नाही तर घाबरू नका, दोन्ही लिहा. दुसरं, जिल्हा. वाशीम जिल्हा १९९८ ला झाला, आबा भरती झाले तेव्हा तुमचं गाव अकोला जिल्ह्यात. तसंच गोंदियावाल्यांनी भंडारा लिहा, तो १९९९ ला वेगळा झाला, आणि गडचिरोलीवाल्यांनी चंद्रपूर, तो १९८२ ला. चंद्रपूरही जुन्या कागदावर चांदा म्हणून येतं. आणखी मागे जा, १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी आपला विदर्भ मध्य प्रदेश राज्यात होता आणि तिथून १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळे १९५४ ला भरती झालेल्या वऱ्हाडी माणसाच्या कागदावर राज्य मध्य प्रदेश लिहिलेलं असतं. "महाराष्ट्राचे अमुक" म्हणून शोधायला सांगितलं तर क्लार्कला सापडत नाही हो, त्याचा काय दोष.

पुलगाव_कन्या
माझा प्रश्न जरा वेगळा आहे, इथंच विचारते. सासरे पेन्शनर होते, ईएमईमधले, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतले. ते गेले आणि सासूबाईंची फॅमिली पेन्शन अडकलीय. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, सापडत नाही आणि त्यात सासूबाईंचं नाव माहेरचं लागलंय असं म्हणतात. लग्नात आपल्याकडे नाव बदलतात ना, रेकॉर्डवर एक नाव आणि आधारवर दुसरं. बँकेतले म्हणतात रेकॉर्ड ऑफिसला जा, रेकॉर्ड ऑफिस म्हणजे कुठं ते कोणी सांगत नाही. सासूबाई रोज विचारतात काय झालं, मला तोंड दाखवायची लाज वाटते.

निवृत्त_क्लार्क_चिखली
ताई लाज कसली, हा प्रश्न दर दुसऱ्या घरात आहे. तुमचं प्रकरण उलट सोपं आहे कारण पेन्शनरचे कागद असे २५ वर्षांनी नष्ट होत नाहीत. ईएमईचं रेकॉर्ड ऑफिस सिकंदराबादला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा काही पुरावा, रेशन कार्ड, आणि पुन्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज. रेकॉर्ड ऑफिस नावाची दुरुस्ती करून प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला पाठवते आणि तिथून दुरुस्तीचा पीपीओ निघतो, त्याला कॉर पीपीओ म्हणतात. पेन्शन आता स्पर्श या ऑनलाईन पेन्शन प्रणालीवर आली असेल तर पीपीओची प्रत तिथल्या लॉगिनमध्येच मिळते, लॉगिन जमत नसेल तर गावच्या सीएससी केंद्रावरही स्पर्शची कामं होतात. जुना पीपीओ नंबर सासऱ्यांच्या पेन्शन पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो बहुतेक, बघा.

पुलगाव_कन्या
पासबुकावर आहे काका! पेनानं लिहिलेला. इतके दिवस ते पासबुक माझ्या कपाटातच होतं. उद्याच वर्ध्याला जाते.

कामठीकर
मी कामठीजवळ राहतो, इथं ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आणि रेकॉर्ड आहे म्हणून लोक विदर्भातून कुठल्याही रेजिमेंटसाठी इथं येतात. परवाच गेटवर एक म्हातारे बाबा भेटले, भामरागडकडून आलेले, मुलगा दुसऱ्याच पलटणीतला. इतक्या लांबून येऊन परत जायचं म्हणजे जीव तुटतो. गार्ड्सचे नसाल तर कामठीला येऊ नका, आणि असाल तरी आधी पत्र टाकून या, ओळखपत्र आणि मृत्यू दाखला मूळ प्रत घेऊन या.

दारव्हेकर_७७
सीआरपीएफचं पण असंच होते का? वडील सीआरपीएफला होते.

निवृत्त_क्लार्क_चिखली
नाही. सीआरपीएफ गृह मंत्रालयाखाली, त्याचं रेकॉर्ड त्यांच्या ग्रुप सेंटरला नाहीतर बटालियनला विचारा, सैनिक कल्याण कार्यालयात ते काम होत नाही. नेव्हीचं मानखुर्दला, मुंबईत. एअरफोर्सचं दिल्लीत सुब्रोतो पार्क. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगाव, बॉम्बे इंजिनियर ग्रुपचं खडकी, सिग्नलचं जबलपूर, मेडिकल कोअरचं लखनौ, रणगाड्यांचं आणि मेकॅनाईज्ड इन्फंट्रीचं नगरला म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. आणि कोणी पेन्शन आल्यावर परत डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, गेले असतील, पुलगावच्या डेपोला अशी बरीच माणसं होती, तर त्यांची ती दुसरी नोकरी केरळात कन्नूरला वेगळी नोंदलेली असते. दोन नोकऱ्या, दोन रेकॉर्ड. घरच्यांना एकच माहीत असते.

जुन्या_वह्या
माझ्या पणजोबांसारखे जे १९४७ च्या आधीचे आहेत त्यांच्यासाठी थोडं. लढाईत गेलेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाईटवर नावानं शोधता येते, ज्यांची कबर नाही अशांची नावंही स्मारकांवर आहेत आणि ती यादी तिथं आहे, बापाचं नाव आणि गावही पुष्कळदा असतं. परत आलेल्यांसाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जा. सरकारनं जमीन दिली असेल तर त्या वाटपाच्या प्रकरणात नंबर आणि पलटण लिहिलेली असते, तशी जमीन ७/१२ वर भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसते, त्यावरून फेरफार आणि फेरफारावरून प्रकरण शोधत जायचं. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत नसेल तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. वडिलांचं नाव, जन्मतारीख यासाठी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. आमच्या शाळेत ते अजून आहे, मुख्याध्यापकांनी कपाटातून काढून दिलं तेव्हा पणजोबांचं नाव बघून माझ्या अंगावर काटा आला.

राज्य सरकार दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना मानधनही देते, अशा आज्या आता फार थोड्या उरल्यात. कोणाच्या गावात असतील तर कृपा करून चौकशी करा.

मंगरूळचा_पोट्टा
अपडेट. पत्र सैनिक कल्याणमार्फत गेलं, मी पण स्पीड पोस्ट टाकलं. महिना होऊन गेला, उत्तर नाही. आरटीआय टाकू का?

निवृत्त_क्लार्क_चिखली
टाका, त्यात वावगं काही नाही. आजीच्याच नावानं टाका. केंद्राचं ऑनलाईन पोर्टल वेगळं आणि राज्याचं वेगळं, आपल्याला केंद्राचं. नाहीतर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून थेट रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. प्रश्न "माझ्या पतीचं रेकॉर्ड का देत नाही" असा नको. "या नंबरच्या जवानाची लाँग रोलमधली नोंद साक्षांकित करून द्यावी" एवढंच मागा. नेमका कागद मागितला की नेमका कागद मिळतो.

मंगरूळचा_पोट्टा
आलं!!! सागरहून पत्र आलं. आरटीआयच्या आधीच निघालं होतं बहुतेक, तारखेवरून तसं वाटते. काका म्हणाले तसंच, शीट रोल नियमाप्रमाणे नष्ट केला आहे आणि लाँग रोलप्रमाणे नंबर, रँक, नाव, वडिलांचं नाव, भरती १९६३, डिस्चार्ज १९७०. सही-शिक्का आहे. पत्ता अकोला जिल्हाच लिहिलाय. आजीचं नाव मात्र कुठंच नाही.

निवृत्त_क्लार्क_चिखली
आनंद झाला. लाँग रोलमध्ये बायकोचं नाव नसते, ते शीट रोलमध्ये होतं. आजी त्यांचीच पत्नी याचा पुरावा आता इकडून उभा करायचा, तलाठ्याचा आणि तहसीलदाराचा वारस दाखला, जुनं रेशन कार्ड, मतदार यादी. हे पत्र आणि तो दाखला घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात आजीचं विधवा ओळखपत्र आधी काढा, मग पेन्युरी ग्रँटचा फॉर्म केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साईटवर तिथूनच भरून घ्या. त्या ओळखपत्रावर ग्रामपंचायतीची घरपट्टीही माफ होते, २०२० पासून राज्याची योजना आहे, बऱ्याच गावात सांगतच नाहीत. नवीन घर बांधाल तेव्हा कामी येईल.

आणि एक महत्त्वाचं. १९६३ ते ७० म्हणजे ७ वर्षं. त्या काळी पुष्कळ जवानांना काही वर्षं कलर सर्व्हिस म्हणजे प्रत्यक्ष नोकरी, आणि मग काही वर्षं रिझर्व्ह म्हणजे घरी पण बोलावलं की हजर, असं घेत. दोन्ही मिळून १५ वर्षं भरली तर रिझर्व्हिस्ट पेन्शन असते आणि ती असेल तर मग विधवेची फॅमिली पेन्शन. पत्रात डिस्चार्जचं कारण काय लिहिलंय ते नीट वाचा. "स्वतःच्या विनंतीवरून" असेल तर प्रश्न मिटला. रिझर्व्हला बदली असं असेल तर पेन्युरी ग्रँट भरण्याआधी मला सांगा, कारण ती पेन्शन नसलेल्यांसाठी आहे.

मंगरूळचा_पोट्टा
काका, बघितलं. "स्वतःच्या विनंतीवरून, अनुकंपा" असं आहे. आजी म्हणते बरोबर आहे, त्या साली आबांचे वडील वारले आणि घरी वावर पाहायला कोणी नव्हतं म्हणून नाव कापून आले. म्हणजे पेन्शन नाही, पण ग्रँटचा रस्ता मोकळा. उद्या वारस दाखल्यासाठी तहसीलला जातोय. ती २५ हजारवाली गोष्ट आमच्या गावच्या ग्रुपवर पण टाकलीय, अजून दोन घरं निघाली ज्यांच्याकडे माजी सैनिक होते आणि कागद नाहीत. एकांकडचे आजोबा तोफखान्यात होते, त्यांचं कुठं लिहायचं?

निवृत्त_क्लार्क_चिखली
तोफखाना रेकॉर्ड, नाशिक रोड कॅम्प. नंबर आहे का विचारा त्यांना. नसेल तर आधी मेडल धुवायला सांगा, चिंच लावू नका म्हणावं.